कपाळावरचा घाम आणि पडद्यातील छिद्र

जन्मजात हृदयदोषांवरील एक लेख वाचला. त्यातून ‘हृदयाला छिद्र म्हणजे शस्त्रक्रिया’ असा समज होण्याची शक्यता असल्याने थोडी पुरवणी जोडतो. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या स्नायुमय भागातील लहान छिद्रे पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. मात्र छिद्र मोठे असेल, तर जन्मानंतर काही आठवड्यांनी, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब उतरू लागला की, डावीकडचे रक्त अधिकाधिक उजवीकडे वळून फुप्फुसांवर भार येतो, बाळ दूध पिताना दमते, त्याच्या कपाळावर घाम डवरतो आणि वजन वाढेनासे होते. आमच्या कोथरूडच्या घरी नातीला असा घाम येई, तेव्हा पुण्याचा एप्रिल आहे, एवढे म्हणून आम्ही तीन आठवडे दवडले. पुढे इको तपासणीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) निदान झाले आणि काही महिन्यांनी शस्त्रक्रियेने ठिगळ लावून ते छिद्र बंद केले. आज ती पर्वतीच्या पायऱ्या माझ्याआधी चढते.

त्या लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. जन्मानंतर साधारण २४ तासांनी उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील ऑक्सिजन मोजला, तर काही गंभीर दोषांची शंका बाळ निळे दिसण्यापूर्वीच येते. यात सुई टोचावी लागत नाही. खर्चाच्या चिंतेने थांबलेल्या पालकांनी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात अवश्य करावी, कारण त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे.