‘डॉक्टरांवर विश्वास ठेवणारी मेंढरं’ या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: लोक डॉक्टरांचं ऐकतात ते कळपाच्या सवयीनं, आणि अ‍ॅशचा प्रयोग हा त्याचा पुरावा. वैद्यकशास्त्र सारखं मत बदलतं, म्हणून ते खोटं. एआयवर कुणाचाच दबाव नसतो. तेव्हा रिपोर्ट एआयला दाखवा आणि डॉक्टरची फी वाचवा. यानं कुणाचा तरी जीव जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून हे उत्तर.

आधी अ‍ॅश. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे पढवून बसवलेले होते, ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्यामागे गेले. मेसेजमध्ये एवढंच आहे. पण त्या दबावाखालचीही सुमारे दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि खरं बोलणारा आणखी एकच माणूस खोलीत बसवला की गर्दीमागे जाण्याचं प्रमाण कोसळत होतं. शिवाय ती रेघ ज्याची त्याला डोळ्यांनी दिसत होती. ईसीजीवरची रेघ मला वाचता येत नाही. ज्याला येते त्याला विचारणं ही मेंढरांची चाल कशी? शंका असेल तर सेकंड ओपिनियन घ्यावं. अ‍ॅशच्या खोलीतला तो दुसरा माणूस म्हणजे तेच.

आणि मुंबईकर डॉक्टरांपुढे आपोआप मान तुकवतात, हे तर शहराचा इतिहास न बघताच लिहिलंय. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. घराघरांतून झडत्या झाल्या, आजाऱ्यांना जबरदस्तीनं हलवलं गेलं. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. लोकांनी मोठ्या संख्येनं शहर सोडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करणाऱ्या वॉल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली (कैद्यांची संमती कितपत खरी, हा प्रश्न मलाही पडतो). इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर लस घेतली, तेव्हा कुठे त्यांचे अनुयायी पुढे आले. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली, तर हाफकिनांचीही चौकशी झाली. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळची हाफकिन संस्था या सगळ्यातून उभी राहिली आहे.

‘मत बदलतात’ हे मात्र खरं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी किती घरं रात्ररात्र फोन फिरवत होती! आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आली होती आणि प्लाझ्मानं मृत्यू कमी होत नाहीत असं त्यात दिसलं होतं. तरी सरकारी उपचारपद्धतीतून तो काढायला मे २०२१ उजाडला. इथे कळप होताच, आणि त्यात डॉक्टरही होते. नातेवाइकांचा आग्रह, शेजारचं हॉस्पिटल देतंय म्हणून आपणही. त्या सात महिन्यांचा राग मला आजही येतो. पण चूक पकडली ती त्याच शास्त्रातल्या माणसांनी, आकडे उघड मांडून. मतच न बदलणाऱ्या वैद्याकडे मी पाऊल ठेवणार नाही.

एआयवर दबाव नसतो? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याच्या होला हो मिळवू लागलं होतं. लोकांनी ‘थम्ब्स-अप’ देऊन दाखवलेल्या पसंतीला जास्त वजन मिळालं, हे त्यामागचं एक कारण कंपनीनंच सांगितलं. गर्दीच्या लेखनावर शिकलेलं, गर्दीच्या पसंतीवर घडवलेलं यंत्र गर्दीपासून मुक्त कसं असेल? २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातली, जादा देखभाल कुणाला द्यायची हे सुचवणारी अमेरिकन संगणक प्रणाली तर उपचारांवरच्या खर्चावरून आजारपण मोजत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होई, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडत. गोवंडीच्या गरीब वस्तीतली बाई दुखणं अंगावर काढते, तिचाही खर्च कमीच दिसणार.

एआय टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. छातीच्या एक्स-रेवरून टीबीची शंका ओळखणाऱ्या प्रणालींची जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये शिफारस केली. पण ती चाचण्यांनंतर, आणि शंका आली की थुंकीची तपासणी करायचीच असते.

राहिली फी. डॉक्टरकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तक्रार करता येते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फी घेणाऱ्या डॉक्टरविरुद्ध ग्राहक न्यायालयातही जाता येतं. अ‍ॅप पोट दाबून बघत नाही आणि चुकलं तर कुणासमोर उभं राहत नाही. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला, डॉक्टरला विचारायचे प्रश्न लिहून काढायला ते जरूर वापरा. छातीत कळ येत असेल तर मात्र काही टाइप करत बसू नका, १०८ लावा.