काय दिवे लावले?

घरात कुणी काही बिघडवलं की आमची आजी म्हणायची, "काय दिवे लावलेस रे!" मराठीची गंमतच आहे. दिवे लावणं हे पुण्याचंही काम आणि वाटोळं केल्याची पावतीही. तीच आजी संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये दिवे गेले की शोकेसमधली मेणबत्ती काढायची आणि उलट्या घातलेल्या डब्यावर ठेवायची. आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर नाही, खोलीच्या मध्यात. का, तर जपमाळेच्या वेळी पुस्तक वाचणाऱ्याला अक्षरं दिसली पाहिजेत आणि रांगणाऱ्या पोराचा हात कशात जातोय तेही दिसलं पाहिजे. "देवाला अंधारात दिसतं, आपल्याला नाही," एवढंच तिचं धर्मशास्त्र.

ते आठवलं, कारण नाताळ आलाय आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर वर्गणी काढून भलामोठा तारा लागलाय. एलईडीचा, रंग बदलणारा, दोन गल्ल्या सोडूनही दिसतो. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण आमच्या जिन्यातला दुसऱ्या मजल्याचा बल्ब तीन आठवडे गेलेला आहे. वरच्या काकू मोबाइल दातात धरून, भिंत चाचपत चढतात.

येशूचं "तुम्ही जगाचा प्रकाश आहा" हे वाक्य आम्ही ख्रिस्ती लोक इतकं ऐकतो की त्यापुढची ओळ नुसती कानावरून जाते. दिवा लावून कुणी तो धान्याच्या मापाखाली झाकून ठेवत नाही, दिवठणीवर, म्हणजे उंच दिवा ठेवायच्या जागी ठेवतो, म्हणजे तो घरातल्या सर्वांना प्रकाश देतो (मत्तय 5:15). घरातल्या सर्वांना! गालीलातल्या गरिबाचं घर बहुधा एका खोलीचं. दिवा म्हणजे तळहातात मावेल अशी मातीची पणती, ऑलिव्हचं तेल, एक वात. तिचा उजेड तो केवढा! पण ती उंचावर ठेवली की दळणारीला जातं दिसतं, निजलेल्याला कुणी तुडवत नाही. मत्तयासारखंच येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकने हाच दाखला सांगताना थोडा बदल केलाय. त्याच्याकडे दिवा "आत येणाऱ्यांना" उजेड दिसावा म्हणून आहे (लूक 8:16). एकाला घरात बसलेल्यांची काळजी, दुसऱ्याला उंबरा ओलांडणाऱ्यांची. दिव्याकडे बघत बसा, असं दोघंही म्हणत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे लिहिलंय ना, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत? लिहिलंय. पण पान उलटा. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तोच येशू बजावतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. उपदेशात पहिलं वचन वरचेवर ऐकू येतं, दुसरं सोयीने मागे राहतं. मला या दोन्हींत विरोध वाटत नाही. उजेडात माणसाला समोरची वाट दिसली तर तो प्रकाश, नुसता दिवा लावणारा दिसला तर ती रोषणाई. प्रेषित पौलाने तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सांगूनच ठेवलंय की सैतानही प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो. म्हणजे झगमगाटावर भुलायचं नाही, हे आम्हाला पहिल्या शतकापासून ठाऊक आहे.

ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना मला म्हणूनच सगळ्यांत प्रिय. चर्च पूर्ण काळोखात. बाहेर आगटी पेटते, तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात. त्या मेणबत्तीवर अल्फा, ओमेगा ही ग्रीकमधली पहिलं आणि शेवटचं अक्षरं आणि चालू वर्षाचे चार आकडे असतात. ती आत आली की तिच्यावरून एकाची, त्याच्यावरून दुसऱ्याची, अशा मेणबत्त्या पेटत जातात. मग जे लांबलचक स्तुतिगान म्हणतात, त्यात ही ज्योत वाटली तरी कमी होत नाही असं येतं आणि मेण देणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली असते. (मधमाश्यांचं नाव घेणारी उपासना! मला फार आवडतं ते.) आणि हल्ली नेमक्या त्याच क्षणी शंभर मोबाइल वर होतात. त्या पडद्यांच्या निळ्या उजेडात बिचाऱ्या ज्योतीचा काय पाड! मीही एकदा व्हिडिओ काढलाय. परत कधी उघडून पाहिला नाही.

बायबलमधला स्तोत्रकर्ता देवाच्या वचनाला पावलांकरता दिवा म्हणतो (स्तोत्र 119:105). पावलांकरता! पुढचं गाव दाखवणारा झोत त्याने मागितलेला नाही. आमच्या घरात आजार आला तेव्हा मला सगळं एकदम कळायला हवं होतं: किती दिवस, किती पैसे, शेवट काय. कळलं फक्त उद्या सकाळी कुठली गोळी द्यायची एवढंच. त्या दिवसांत ही ओळ मी चिडून वाचायचो. आता चिडत नाही, पण पुरतो का एवढा उजेड, असं विचारलंत तर रोज पुरतो असंही सांगणार नाही.

बाकी, जिन्यासाठी सोसायटीच्या ग्रुपवर मी दोनदा मेसेज टाकला. दोन्ही वेळा अंगठे आले. नऊ वॅटचा बल्ब, शंभर रुपयांच्या आत येतो, आणि तीन आठवडे मीही त्याच जिन्याने वर-खाली करतोय. कोपऱ्यावरचं दुकान दहाला बंद होतं. निघतो.