‘ओम्ब्रेस आकी’ आणि एक फॉरवर्ड

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘हिस्पॅनिक हक्क संघटना म्हणजे बेकायदा घुसलेल्यांची वकिली. त्यांना इंग्रजी नको, देशात मिसळायचं नाही. आपला काय संबंध?’ (हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे लोक, इथे मुख्यतः मेक्सिकन वंशाचे.)

इंग्रजीचं आधी उरकतो. ‘लुलॅक’ (लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स) ही यातली सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक, 1929 साली टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झाली. तिने स्वतःच्या घटनेतच इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरवली आणि सभासदत्व फक्त अमेरिकन नागरिकांना ठेवलं. 1957 मध्ये तिचे अध्यक्ष फेलिक्स तिहेरिना, पेशाने हॉटेलवाले, यांनी शाळेत जाण्याआधीच्या पोरांना 400 इंग्रजी शब्द शिकवणारे वर्ग सुरू केले, पहिलीत गटांगळ्या खाऊ नयेत म्हणून. इंग्रजी नको असलेल्यांचं हे काम?

आता ‘घुसलेले’. 1948 मध्ये डॉ. हेक्टर गार्सिया यांनी ‘अमेरिकन जीआय फोरम’ काढली, ती दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन सैनिकांसाठी. पुढच्याच वर्षी, फिलिपाइन्समध्ये मारल्या गेलेल्या फेलिक्स लोंगोरिया या सैनिकाचा देह घरी आला, तेव्हा टेक्ससमधल्या थ्री रिव्हर्स गावातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्याने आपलं प्रार्थनागृह द्यायला नकार दिला. कारण, गोऱ्यांना आवडणार नाही! गार्सियांनी सिनेटर लिंडन जॉन्सनना तार केली आणि दफन शेवटी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत झालं.

सगळ्यात बोलका खटला 1954 चा, हर्नांडेझ विरुद्ध टेक्सस. हर्नांडेझवर आरोप खुनाचा, पंच (ज्युरी) सगळे गोरे. जॅक्सन काउंटीत 25 वर्षांत मेक्सिकन आडनावाचा एकही माणूस पंच झाला नव्हता. सरकार म्हणालं, मेक्सिकन लोक कायद्याने गोरेच आहेत, मग भेदभाव कसला? पण कोर्टाच्याच आवारात पुरुषांची दोन शौचालयं होती. एकावर काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्यावर ‘काळ्या पुरुषांसाठी’ आणि खाली स्पॅनिशमध्ये ‘ओम्ब्रेस आकी’, म्हणजे ‘पुरुषांनी इथे’. ही पाटी थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आली. कागदावर गोरे, पण मुतारी वेगळी. गस गार्सिया आणि कार्लोस कादेना या वकिलांनी खटला जिंकला, मागे लुलॅक आणि फोरम दोन्ही उभ्या. (हर्नांडेझ फेरखटल्यात पुन्हा दोषीच ठरला. मुद्दा त्याला सोडवण्याचा नव्हता, पंच कोण असावेत याचा होता.)

मेसेजमधलं एक खरं आहे, ते मान्य करतो. 1982 च्या प्लायलर खटल्यात ‘मॅल्डेफ’ ही मेक्सिकन अमेरिकनांसाठी कोर्टात लढणारी संघटना कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या बाजूने लढली. टेक्ससमधल्या टायलर शहरात सरकारी शाळेसाठी त्यांच्याकडून वर्षाला 1000 डॉलर फी मागत होते. निकाल 5 विरुद्ध 4, मुलांच्या बाजूने. पण फॉरवर्ड करणारे ज्यांना ‘घुसलेले’ म्हणतात, ती शाळकरी पोरं होती.

राहिला ‘आपला संबंध’. 1975 मध्ये मॅल्डेफसारख्या संघटनांनी रेटून मतदान हक्क कायदा भाषिक अल्पसंख्याकांपर्यंत वाढवून घेतला. मागणी मुख्यतः स्पॅनिशसाठी होती, पण कलमात आशियाईही आले. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तिथे हिंदी मतपत्रिका मिळते ती त्याच कलमाने, आणि तीही देवनागरीत.