‘एक चावी गेली की सगळं गेलं’ : सिंगल साइन-ऑनच्या त्या मेसेजला उत्तर

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या ग्रुपवर गेले काही आठवडे सिंगल साइन-ऑनबद्दल, म्हणजे एकाच लॉगिनने अनेक सॉफ्टवेअरं उघडण्याच्या सोयीबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटन दाबलं की तुमचा पासवर्ड त्या वेबसाइटच्या मालकाला मिळतो, एक चावी गेली की घर, गोठा, गोडाऊन सगळं उघडं, नेट गेलं की काम बंद, हा मोठ्या कंपन्यांचा खर्चिक सोस आहे, म्हणून दर सॉफ्टवेअरला वेगळा पासवर्ड ठेवा आणि वहीत लिहून ठेवा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका कंपनीचं वेब सॉफ्टवेअर सांभाळतो. सभासदांचे शेअर, गोडाऊन, काटा, हिशेब अशी चार सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. ती एका लॉगिनखाली आणायचं काम निम्मं झालं होतं. मेसेज वाचून संचालकांनी ते थांबवलं. त्यात ज्या कास्तकारांची तूर आणि चुकारे नोंदलेले आहेत, त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून लिहितोय.

पासवर्ड वेबसाइटला मिळतो, हे साफ चूक. बटन दाबलं की आमचं सॉफ्टवेअर तुमच्या ब्राउझरला गूगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड तिथेच टाकला जातो. गूगल खात्री करून घेतं आणि ब्राउझरला परत आमच्याकडे धाडतं, सोबत एकदाच चालणारा एक कोड देऊन. आमचा सर्व्हर तो कोड आणि स्वतःची गुप्त किल्ली दाखवून गूगलकडून थेट टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, घेतो. टोकनवर गूगलची डिजिटल सही असते. ते कोणी दिलं, कोणासाठी दिलं, माणूस कोण आणि ते कधीपर्यंत चालेल, एवढं आत लिहिलेलं असतं. पासवर्ड त्यात कुठेच नसतो.

कापूस खरेदीवर हेच चालतं. गाडी काट्यावर मोजली जाते, पावती मिळते, पावती घेऊन माणूस खिडकीवर जातो. खिडकीवरच्या माणसाने गाडी पाहिलेली नसते, तो पावतीवरचा शिक्का, नाव आणि तारीख पाहतो. पण त्याने ते पाहिलंच पाहिजे. दुसऱ्या केंद्राची पावती आपल्या खिडकीवर चालता कामा नये. तसंच सॉफ्टवेअर करणाऱ्याने सही आणि ‘कोणासाठी’ हा रकाना तपासायचा, आणि परत येण्याचा पत्ता गूगलकडे अक्षर न् अक्षर बरोबर नोंदवायचा. इथे जो कंटाळा करतो, त्याचं लॉगिन खरंच धोक्याचं असतं.

ही भीती आली कुठून, तेही सांगतो. एके काळी बऱ्याच वेबसाइट ‘तुमचे मित्र शोधून देतो’ म्हणून ई-मेलचा पासवर्ड सरळ मागत आणि लोक देत. पासवर्ड न देता परवानगी देता यावी यासाठी २००७ साली ओऑथ ही पद्धत आली, २०१२ साली तिची दुसरी आवृत्ती, आणि २०१४ साली त्या आवृत्तीवर उभी राहिलेली, माणसाची ओळख पटवणारी ओपनआयडी कनेक्ट ही पद्धत. आजचं ‘गूगलने लॉगिन’ याच्यावर चालतं. गूगलसारखं दिसणारं खोटं पान मात्र कोणीही बनवू शकतो. पासवर्ड टाकण्याआधी वरचा पत्ता वाचायचा, हे प्रत्येकाला शिकवावंच लागेल.

आता चावी. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकणार नाही. मुख्य खातं दुसऱ्याच्या हाती गेलं तर चारही सॉफ्टवेअरं उघडतात. पण आज आपल्याकडे चार चाव्या आहेत का? हंगामात नवीन पोट्टा कामावर आला की विचारतो, “कोणता पासवर्ड टाकू जी?” आणि बाजूचा सांगतो, “तोच टाक ना, सगळीकडं तोच हाये.” चावी आजही एकच आहे, फक्त ती चार कुलपांना लागते आणि त्यातलं सगळ्यात कमजोर कुलूप फुटलं की बाकीची तीन आपोआप उघडतात. लॉगिन एका जागी आणलं की त्या एका दारावर दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक खात्री, लावता येते. चार जुन्या सॉफ्टवेअरांवर ती लावणं आमच्यासारख्यांना झेपत नाही.

माणूस काम सोडून जातो, तो प्रश्न याहून मोठा. माझ्या ओळखीच्या एका कंपनीत मुनीम सोडून गेला. हिशेबातलं त्याचं खातं बंद केलं, गोडाऊनमधलं विसरलं. तीन महिन्यांनी त्याच्या नावाने साठ्यात फेरफार दिसले. कोणी केले, ते अजून कळलेलं नाही. एका ठिकाणी खातं बंद केल्यावर सगळीकडून नवीन लॉगिन थांबणं, हे आम्हाला यासाठी हवंय. यातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आधीच उघडलेलं सत्र, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर चालू राहणारा प्रवेश, मुख्य खातं बंद केल्याबरोबर संपेलच असं नाही, म्हणून सत्राची मुदत थोडी ठेवायची. आणि माणसाची ओळख ई-मेलवरून जुळवायची नाही. जाणाऱ्याचा कंपनीचा ई-मेल नव्या माणसाला दिला, तर नव्याला जुन्याचंच खातं उघडून मिळेल. टोकनमध्ये दर खात्याचा न बदलणारा एक क्रमांक असतो, तो धरायचा.

मेसेजने ज्याचा इशारा द्यायला हवा होता, ते त्यात नाहीच. सेतू केंद्रातल्या किंवा ऑफिसातल्या सामाईक कॉम्प्युटरवर आमच्या सॉफ्टवेअरमधून लॉगआउट केलं, तरी गूगलचं खातं तिथे उघडंच राहतं. पुढच्या माणसाने तेच बटन दाबलं की तो तुमच्या नावाने आत जातो. अशा ठिकाणी ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) विंडो उघडायची, काम झालं की बंद करायची. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय.

नेटचं म्हणाल, तर वेब सॉफ्टवेअरला नेट तसंही लागतंच. एकदा आत गेल्यावर आमचं सत्र आमच्याच कुकीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर, चालतं, दर क्लिकला गूगलला विचारलं जात नाही. गूगलचं लॉगिन बंद पडलं तर नवा माणूस आत येणार नाही, हे खरं. त्यासाठी एक आणीबाणीचं खातं ठेवायचं, लांब पासवर्डचं, आणि तो पासवर्ड सीलबंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात.

खर्चाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एका लॉगिनची व्यवस्था स्वतःच्या सर्व्हरवर चालवणारं कीक्लोकसारखं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सर्व्हरचं भाडं आणि सांभाळणाऱ्याचा वेळ लागतो, तो मी आधीच देतोय. मोठ्यांचंच काम म्हणाल, तर केंद्र सरकारनेही ‘मेरी पहचान’ ही एका लॉगिनची सेवा २०२२ साली सुरू केली. डिजिलॉकरचं खातं तिथे चालतं.

राहिली वही. घरी कपाटात ठेवलेल्या वहीला माझी हरकत नाही. आमची वही टेबलाच्या खणात असते, खणाला कुलूप नाही, आणि तूर यायला लागली की त्या टेबलाभोवती दिवसभर माणसं उभी असतात. येत्या बैठकीत मी तीच वही संचालकांपुढे उघडून ठेवणार आहे. तिच्यात चार सॉफ्टवेअरांची नावं आहेत आणि चारही नावांपुढे एकच पासवर्ड.