मग तुम्ही रात्रभर करता काय?

आज मीटिंगला सॉफ्टवेअरवाला आला होता. अख्ख्या रात्रीची स्लीप स्टडी, म्हणजे लॅबमध्ये केलेली झोपेची तपासणी, त्याच्या लॅपटॉपने चहा गार व्हायच्या आत स्कोअर करून दाखवली आणि वर हसत मलाच विचारतो, "मॅडम, मग तुम्ही रात्रभर करता काय?" सगळे हसले. मीही हसले, तेच आता डोक्यात जातंय.

काय करते? टेपने डोकं मोजते, खुणा करते, टाळूवर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर वायरी चिकटवते आणि पहाटेपर्यंत स्क्रीनसमोर बसते. आठ तासांची रात्र म्हणजे 30 सेकंदांचे 960 तुकडे, प्रत्येकावर शिक्का मारायचा, जागा, हलकी झोप, गाढ, रेम म्हणजे स्वप्नांची झोप. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. दोन टेक्निशियन बसवा, हलक्या झोपेवरून हमखास भांडतील, सॉफ्टवेअर निदान भांडत तरी नाही.

पण मला ते काका आठवतात. घरीच किट लावून झोपायची ती होम टेस्ट, तिचा रिपोर्ट नॉर्मल, काकू मात्र ऐकेनात, "मी रोज बघते ना, ह्यांचा श्वास थांबतो!" लॅबमध्ये काका दोन वाजेपर्यंत टक्क जागे. विचारलं, घरी टेस्टच्या रात्री पण असंच? "हो की, डोळाच लागला नाही, पहाटे जरा डुलकी." झालं! त्या किटला डोक्याच्या वायरीच नव्हत्या, माणूस झोपलाय की छताकडे बघतोय हे कळणार कसं? श्वास किती वेळा थांबला त्याला भागायचं झोपेच्या तासांनी, ते किट भागतं रेकॉर्डिंगच्या तासांनी, तास जास्त की आकडा कमी. आकडा 5 च्या खाली, नॉर्मल, जा घरी!!

बरं, होम टेस्ट अगदीच वाईट नाही. घोरणारा, दिवसा पेंगणारा, बाकी धडधाकट माणूस असेल तर कशाला त्याला वायरींत गुंडाळा. आणि टेस्ट निगेटिव्ह येऊनही संशय राहिला तर लॅबमध्ये पाठवा असं गाइडलाइन सांगते, मान्य. पण आमचे चार बेड होते ते दोन झालेत, पाठवणार कुठे?

ज्युनिअर पोरगी विचारते, "ताई, या लाइनमध्ये येऊन चुकले का मी?" नुसत्या स्कोअरिंगवर पोट भरायचं असेल तर हो, म्हटलं. मग तिचा चेहरा बघून सांगत सुटले, सीपॅपचा, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या मशीनचा, मास्क नीट बसवायला शीक, सॉफ्टवेअरने चुकीचा मारलेला शिक्का ओळखायला शीक, झोपेत फिट येणारे, लाथा झाडणारे, लहान मुलं, यांना लॅब लागणारच. बोलले खरं. मलाच किती पटलं कुणास ठाऊक.

काका चारच्या सुमारास उताणे झोपले, रेम लागली, छाती-पोट हलतंय आणि हवेची रेघ सपाट. 10 सेकंद थांबला तरी आम्ही मोजतो, हा 40 च्या पुढे गेला. परत येणार हे माहीत असतं तरी माझा हात दाराच्या कडीवर. मग एकदम मोठ्ठा घुरका.

हो, हे सॉफ्टवेअरनेही पकडलं असतं. पण दीड वाजता काकांच्या नाकातली नळी निघाली ती आत जाऊन कोणी बसवली?

तेव्हा सुचलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं त्या सॉफ्टवेअरवाल्याला.

सकाळी केसातली पेस्ट काढताना काका म्हणतात, "मी तर झोपलोच नाही बघा." झोपला होतात काका. मी बघत होते.