'भरल्या पोटी' या शब्दांबद्दल

नमस्कार.

माझ्या तिसऱ्या लेखाखाली 'एक कोल्हापूरकर' अशा सहीनं मोठी प्रतिक्रिया आली आहे. तिथंच उत्तर लिहायला बसले होते, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये स्लाउला राहणाऱ्या माझ्या पोलिश मैत्रिणीच्या स्वयंपाकावर मी तीन लेख लिहिले. यांचं म्हणणं असं, की 'प्येरोगी रुस्क्ये'ला (बटाटा आणि चीज भरून पाण्यात उकळलेल्या पोलिश करंज्या) मी रशियन म्हटलं ते चूक आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पचा मला विसर पडला. ही बाई कुठे राबते, काय कमावते, यावर तीन लेखांत एक ओळ नाही, नुसते तिचे पिठाचे हात दिसतात. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "भरल्या पोटी दुसऱ्याच्या चुलीचं कौतुक लिहायला काय जातंय बाई तुमचं?"

चूक आधी मान्य करते. 'रुस्क्ये' म्हणजे रशियन नव्हे. ल्विवच्या आसपासचा, आता बहुतेक पश्चिम युक्रेनमध्ये असलेला जो रुथेनिया नावाचा जुना प्रदेश, त्याच्यावरून ते नाव पडलं. 2022 नंतर पोलंडमधल्या काही हॉटेलांनी त्यांचं नाव बदलून 'युक्रेनी प्येरोगी' केलं, ते युक्रेनला पाठिंबा म्हणून, कारण जुनं नाव रशियन वाटायचं. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचे आभार.

पण ही चूक नीट शब्दांत सांगता आली नसती का? 'काय जातंय बाई तुमचं' ही कुठली बोलायची रीत? आपली ओळख नाही, पाळख नाही. माझं पोट भरलेलं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

जानेवारी 2004 मध्ये मी स्लाउला आले. नवऱ्याचं कंत्राट सहा महिन्यांत संपलं आणि भाडं परवडेना, तेव्हा आम्ही एका घरातल्या एका खोलीत राहायला गेलो. पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं, स्वयंपाकघर एकच. चार बर्नर. फ्रिजमध्ये प्रत्येकाला एक कप्पा आणि त्यावर चिकटपट्टी लावून नाव. मी तिथे दोन महिने सकाळ-संध्याकाळ मुगाची खिचडी केली, कारण तांदूळ आणि डाळ एवढंच घेणं जमत होतं. तूप नव्हतं. हे मी लेखांत लिहिलं नाही, कारण लेख माझ्यावर नव्हते. आता तुम्ही लिहायला लावलंत.

माझी ही मैत्रीण शेजारच्या खोलीत होती. 1 मे 2004 ला पोलंड युरोपीय संघात आला. जुन्या सभासद देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पोलिश कामगारांना लगेच दार उघडलं, आणि ती पहिल्याच महिन्यात बसनं आली. रात्रपाळीला एका गोदामात सॅलडच्या पिशव्या भरायची. थंडगार हॉल, हातात मोजे, वर जाळीची टोपी. नोकरी लागल्यावर महिन्याभरात 50 पाउंड भरून सरकारदरबारी नाव नोंदवायचं, आणि सलग बारा महिने काम झाल्याशिवाय भत्ता मागायचा नाही, असा तेव्हाचा नियम होता. सकाळी सातला ती परत यायची तेव्हा मी फोडणी देत असायची. हिंगाचा वास, मोहरीचा धूर, आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागायचा. बाकीची बिऱ्हाडं दारं आपटायची. ती मात्र अंगातला कोट न काढता खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालायची, भोंगा थांबेपर्यंत.

त्या घरात वासावरून बोलणी खाणाऱ्या आम्ही दोघीच. माझा हिंग आणि तिचा आंबवलेला कोबी.

गरम पाण्याच्या टाकीचं कपाट तेवढं उबदार होतं. तिथे मी आंबोळीचं पीठ ठेवायची आणि ती झुरेकच्या सारासाठी राय नावाच्या धान्याच्या पिठाची बरणी ठेवायची. पीठ, पाणी, लसणाच्या चार पाकळ्या, तमालपत्र, वर फडकं. पाचेक दिवसांत त्याला बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. चौथ्या दिवशी कुणीतरी ती बरणी नासलेली समजून कचऱ्यात ओतली. रात्रपाळी करून आलेली ती बाई त्या रिकाम्या बरणीपुढे जमिनीवर बसून रडली. मी बघत होते. आंबवणाला किती जपावं लागतं हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, म्हणून मी तिच्याजवळ बसले. आमची ओळख तिथून. हे कौतुक वाटतं का तुम्हाला?

पोल्स्की स्क्लेप, म्हणजे पोलिश दुकान, तेव्हा आमच्या रस्त्यावर नव्हतं. प्येरोगीत बटाट्याबरोबर जो त्वारुग, म्हणजे पनीरसारखं आंबूस ताजं चीज, लागतो तो तिला मिळेना, आणि इथलं कॉटेज चीज तिच्या मते पाणचट. दूध नुसतं बाहेर ठेवून पाहिलं तर लागलं नाही, नासलं. पाश्चराइज्ड दुधाचं तसंच होतं. मग मी माझं विरजण दिलं. दही लागल्यावर तिनं पातेलं अगदी मंद आचेवर कोमट केलं, चोथा आणि पाणी वेगळं होईपर्यंत, आणि माझ्या चक्क्याच्या फडक्यात बांधून नळाला टांगलं. सकाळी चाखून म्हणाली, त्वारुग नाही, पण चालेल. त्या प्येरोगी आम्ही पाण्याच्या पेल्यानं गोल कापल्या. माझ्या कडा करंजीसारख्या मुरडलेल्या, तिच्या नुसत्या चिमटलेल्या. उकळत्या पाण्यात दोन्ही सारख्याच वर आल्या.

त्या वर्षीच्या विगिल्याला, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री, तिनं एक ताट जास्त मांडलं. अवचित येणाऱ्यासाठी ते ठेवायचीच रीत आहे. त्या ताटावर मी बसले. त्या रात्री मांस नसतं. मासे मी खात नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून माझ्यापुढे बार्श्च, म्हणजे बिटाचं सार, आणि कोबी-मशरूमच्या प्येरोगी आल्या. ओप्वातेक नावाची पातळ पापडी असते. ती एकमेकांची मोडून घेत शुभेच्छा द्यायच्या असतात. नवऱ्याला नोकरी लागू दे, असं ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. तिची स्वतःची मुलगी तेव्हा पोलंडमध्ये लुब्लिनला आजीकडे होती.

तर माझं पोट त्या रात्री भरलं, हे खरं आहे. तिनं भरलं.

तिची नोकरी, पगार, भाडं यावर मी लिहिलं नाही, कारण आपलं नाव आणि आत्ताचं काम लिहायचं नाही असं तिनंच मला बजावलं आहे. वर जे 2004 चं लिहिलं तेसुद्धा काल फोन करून विचारून लिहिलं. यापलीकडे तुमच्या त्या मुद्द्यावर बोलायची मला गरज वाटत नाही. ज्यांनी तिन्ही लेख शेवटपर्यंत वाचले त्यांना ती बाई दिसली. तुम्ही ते वाचलेत का, याची मला शंका आहे.

वळिवड्याचं म्हणाल, तर 1943 ते 1948 मध्ये तिथे पाचेक हजार पोलिश माणसं, त्यातही बायका-मुलंच जास्त, सोव्हिएत मुलखातून इराणमार्गे येऊन राहिली होती, हे मला माहीत आहे. पण ती निर्वासित होती, ही पोटासाठी आलेली. एकाच लेखात दोघींना कोंबलं असतं तर दोघींवर अन्याय झाला असता.

आणि एक. तुमच्या प्रतिक्रियेत अकरा ओळी मला फटकारण्याच्या आहेत आणि अर्धी ओळ अशी: "माझी आजी कॅम्पात भाजी विकायला जायची." तिथेच थांबलात! त्या बायका आजीकडून काय घ्यायच्या? कोबी? बीट? शेपू मागायच्या का? शेपू तर त्यांना हवाच असणार. आजीकडून काही ऐकलं असेल तर तेवढं मात्र जरूर लिहा. माझ्या मैत्रिणीलाही वाचून दाखवीन.