६७५ पटीची दुर्बीण आणि खोक्यातली काळी काच

दुर्बीण घ्यायच्या बेतात असलेल्या माणसाला हल्ली कुणी ना कुणी एक मजकूर पुढे पाठवतंच. त्याचा गोषवारा असा: जितके जास्त पट, तितकी दुर्बीण भारी, म्हणून खोक्यावर '६७५ पट' असं छापलेली घ्या. तिच्यातून तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) फोटोतल्यासारख्या रंगीत दिसतील. चंद्र बघायला पौर्णिमेसारखी रात्र नाही. सोबतची काळी काच लावली की सूर्यही बघता येतो. आणि जाता जाता एक शहाणपण: एवढ्या अजस्र दुर्बिणी असून अमेरिकेच्या अंतराळवीरांनी चंद्रावर लावला म्हणतात तो झेंडा आजवर कुणाला दिसलेला नाही, यावरून काय ते समजा.

पाच विधानं आहेत. चार चुकीची आहेत आणि पाचवं डोळा घालवणारं आहे. ते मी शेवटी घेतो, कारण त्यावर जरा निवांत बोलायचंय.

आधी '६७५ पट'. हा आकडा खोटा नाही, हीच त्यातली गंमत आहे. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे काढायला मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ६० मिलिमीटर व्यासाच्या आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या दुर्बिणीला ४ मिलिमीटरचा आयपीस लावला तर ९०० भागिले ४, म्हणजे २२५ पट. मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की झाले ६७५. आणखी एक बार्लो जोडलं तर दोन हजारांच्या वर जाल. कागदावर कुणी अडवत नाही.

अडतं ते दुर्बिणीच्या तोंडाशी. दुर्बिणीचं पहिलं काम मोठं करणं नाही, उजेड गोळा करणं आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ६० मिलिमीटरचं भिंग तिच्या सत्तरेक पट उजेड आत घेतं. भांडवल तेवढंच. पट वाढवत नेले की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. ६० पटींवर शनी जेवढा उजळ दिसतो, त्याच्या सव्वाशेवा हिस्सा उजेड त्याच्या प्रत्येक ठिपक्याला ६७५ पटींवर मिळतो. फुग्यावर चित्र काढून फुगा फुगवत गेलं की चित्र मोठं होतं, पण त्यात एकही नवी रेघ उमटत नाही, उलट असलेला रंगही विटत जातो. तसंच हे.

दुसरी अडचण विवर्तनाची. लहान तोंडातून आत शिरताना प्रकाश थोडा पसरतोच, म्हणून ताऱ्याचा बिंदू न राहता बारीकशी चकती होते. अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एकाला विकला म्हणतात. ६० मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे दोन विकलांपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, मग मागे कोणताही आयपीस लावा. म्हणून हौशी निरीक्षकांचा जुना ठोकताळा असा की भिंगाच्या व्यासाचे मिलिमीटर दुप्पट करा, तेवढेच पट कामाचे. इथे १२०. त्याच्या पुढचे खोक्यासाठी. शिवाय डोक्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरत असते. त्यामुळे मोठ्या दुर्बिणीलासुद्धा बहुतेक रात्री दोनशे-तीनशे पटींच्या वर जाऊन फारसं हाती लागत नाही.

पण हे सगळं वाचण्यापेक्षा एकदा डोळा लावून बघावं. अशा दुर्बिणीवर मी एकदा हट्टाने पूर्ण ६७५ पट लावले होते. आयपीसमधून बाहेर पडणारा झोत ०.०९ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. तो बाहुलीत धरायचा तर श्वास रोखून उभं राहावं लागतं. पहिल्यांदा दिसलं ते शनीचं कडं नव्हतं, माझ्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे धागे आणि ठिपके होते. इतक्या बारीक झोतात त्यांच्या सावल्या ठसठशीत पडतात. मग फोकस करायला चाकाला बोट लावलं तर सगळं आकाश थरथरायला लागलं, कारण सोबतचा ट्रायपॉड काडीपैलवान. ते थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले. आणि एवढ्या पटींवर आकाशाचा जो इवलासा तुकडा दिसतो, तो ओलांडायला पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रहाला चौदा-पंधरा सेकंद पुरतात. म्हणजे हलायचं थांबलं, बघू म्हणेपर्यंत शनी गायब. जो दिसला तो धुक्यातल्या दिव्यासारखा एक लांबट डाग.

त्याच नळीला २० मिलिमीटरचा आयपीस लावला. ४५ पट. शनी छोटासा, पण काठ कोरल्यासारखे आणि कडं स्पष्ट. बाजूला उभ्या असलेल्या मुलाला वाटलं मी भिंगावर चिकटपट्टीने चित्र लावलंय.

गॅलिलिओकडे १६१० साली सुमारे २० पटींची दुर्बीण होती आणि गुरूचे चार चंद्र तिला पुरून उरले. पट कधीच उपयोगाचे नसतात असं मात्र मी म्हणणार नाही. १३ मार्च १७८१ च्या रात्री खगोलनिरीक्षक विल्यम हर्षल २२७ पटींवर बघत असताना त्याला एक 'तारा' जरा थोराड वाटला. त्याने पट वाढवून ४६० केले, मग ९३२. शेजारचे तारे त्या प्रमाणात मोठे होईनात, हा मात्र होत गेला. तो युरेनस होता. पण हर्षलच्या त्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास सहा इंचांहून थोडा जास्त होता आणि आरसा त्याने स्वतः घासलेला होता. आधी तोंड मोठं, मग पट.

आता रंग. हा गैरसमज मजकुराने निर्माण केलेला नाही, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या सुंदर फोटोंनी केलाय, म्हणून त्याबद्दल कुणाला हसू नये. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकू पेशींना रंग कळतो, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंड पेशींचं अंधारातही भागतं, पण रंग कळत नाही. तेजोमेघाचा उजेड इतका अंधुक की काम दंड पेशींवर पडतं आणि दिसतं ते राखाडी धुकं. मृगातला तेजोमेघ चांगल्या काळोखात, मोठ्या दुर्बिणीतून किंचित हिरवट वाटतो. बस, तेवढंच. कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवत बसू शकतो, डोळ्याला साठवण नाही. आणि इथे पुष्कळांना न पटणारी एक गोष्ट आहे: देवयानी दीर्घिकेसारखी पसरट वस्तू कुठलीही दुर्बीण नुसत्या डोळ्यापेक्षा जास्त उजळ करूनच दाखवू शकत नाही. ती मोठी करते, जास्त उजेड आणते, पण तो उजेड मोठ्या चित्रावरच पसरतो. प्रत्येक चौरसाच्या वाट्याला फार तर पूर्वीइतकाच येतो.

फोटो खोटे असतात का? नाही, पण त्यातले रंग नेहमी डोळ्याचे नसतात. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब घ्या. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग ठरवून दिलेला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजनचा तो प्रकाश लालच असतो. कोणता वायू कुठे आहे ते कळावं म्हणून केलेली ही सोय आहे, नकाशात जिल्ह्यांना रंग देतात तशी.

खरे रंग बघायचे असतील तर तारे बघा, तिथे उजेड एकवटलेला असतो. मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, हा फरक नुसत्या डोळ्यालाही कळतो. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ दुर्बिणीतून बघितला की एकाच्या जागी दोन तारे निघतात, एक सोनेरी आणि एक निळा. त्याला ३० पट पुरतात आणि शहरातल्या उजेडातूनही तो दिसतो. तेजोमेघासाठी मात्र शहराबाहेर जावं, वीसेक मिनिटं अंधारात नुसतं बसावं, मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर वस्तूच्या जरा बाजूला लावावी. डोळ्याच्या अगदी मध्यावर दंड पेशी नसतात, त्यामुळे रोखून बघितलं की अंधुक गोष्ट नाहीशी होते आणि तिरकं बघितलं की परत येते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा फार मजा वाटते.

पौर्णिमेचं लवकर आवरतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, चंद्रावर ऊन आपल्याच दिशेने पडतं आणि सावल्या लपतात. सावली नाही तर डोंगर नाही आणि विवरही नाही, चुना लावलेली भिंत बघतोय असं वाटतं. त्यापेक्षा शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर दुर्बीण लावा. तिथे सूर्य नुकता उगवत असतो. काळ्या भागात एखादा ठिपका सुटा चमकताना दिसेल. ते डोंगराचं टोक असतं, पायथ्याशी अजून रात्र असते. तासाभराने परत बघितलंत तर तो ठिपका वाढलेला असतो. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसत असला तरी त्याचा उजेड पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो, तोही बऱ्याच अंशी या लांबलचक सावल्यांमुळे. पौर्णिमेच्या बाजूने एकच गोष्ट: टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे तेव्हा सर्वांत छान दिसतात.

आणि झेंडा. तो दिसत नाही हे अगदी बरोबर आहे. दिसणारच नाही, गणित करा. झेंडा सुमारे दीड मीटर रुंद, चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब. म्हणजे आपल्यासाठी झेंडा ०.०००८ विकला. हबलच्या २.४ मीटर आरशाला जेमतेम ०.०५ विकलेपर्यंतचं वेगळं ओळखता येतं, चंद्रावर ते होतात नव्वदेक मीटर. म्हणजे तिथे एखादं फुटबॉलचं मैदान असतं तर हबलला ते फार तर एक ठिपका. झेंडा नुसता ठिपका म्हणून वेगळा काढायचा तरी सुमारे १७० मीटर व्यासाचा आरसा लागेल. आज जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक असलेल्या, स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीचा आरसा १०.४ मीटरचा आहे आणि चिलीमध्ये उभारणी चाललेल्या महाकाय दुर्बिणीचा ३९ मीटरचा.

'हबल तर वर आहे ना, जवळून दिसत असेल' हेही ऐकू येतं. हबल जमिनीपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर फिरते, चंद्राच्या अंतराच्या हिशेबात हे घराच्या गच्चीवर चढण्यासारखं आहे. तिला वर पाठवलं ते हवेची थरथर टाळायला.

चंद्राजवळ जाऊन बघणाऱ्यांना मात्र खुणा दिसल्या आहेत. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने अपोलो मोहिमांतली माणसं जिथे उतरली त्या सहाही जागांचे फोटो काढलेत. त्यात यानांचे खालचे भाग दिसतात आणि अंतराळवीरांच्या पायवाटाही. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंत झेंड्यांच्या सावल्या फिरताना दिसल्या, फक्त अपोलो ११ चा झेंडा सापडला नाही. आणि यान वर उडताना तो झोताने पडला हे त्याच मोहिमेतला अंतराळवीर बझ ऑल्ड्रिनने आधीच सांगून ठेवलं होतं. अपोलो ११, १४ आणि १५ ने ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेझर मारला की उत्तर आजही परत येतं. न दिसणाऱ्या झेंड्यावरून 'काय ते समजायचं' असेल तर एवढंच, की मजकूर लिहिणाऱ्याने भागाकार केला नव्हता.

राहिली काळी काच. कित्येक स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात ती एका डबीत येते, आयपीसच्या बुडाशी फिरवून बसवायची. ती जागाच चुकीची आहे. वर म्हटलं तसं दुर्बीण उजेड गोळा करते, आणि सूर्याकडे रोखल्यावरही ती आपलं काम चोख करते. आपल्या त्या ६० मिलिमीटरच्या नळीत सूर्याची प्रतिमा होते ८ मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाएवढी. भिंगावर पडलेलं सगळं ऊन त्या बटणात, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या पन्नासेक पट. आणि काळी काच बसते ती बरोबर त्याच्याजवळ. काच तापत जाते आणि तडकू शकते. तडकते त्या क्षणी तुमचा डोळा पलीकडे लागलेला असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजलं तरी दुखत नाही. कळतं ते नंतर, नजरेच्या मध्यावर काळा डाग राहिला की.

सूर्य बघायचा तर ऊन नळीत शिरायच्या आधी अडवावं लागतं. सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पुढून, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवायचा. लावण्याआधी तो उजेडासमोर धरून बारीक भोकं पडली नाहीत ना ते बघायचं. नळीच्या पाठीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घालायचं, ती हमखास विसरली जाते. दुर्बीण सूर्यावर आणताना तिच्या आरपार बघायचं नाही, जमिनीवरची नळीची सावली सर्वांत आखूड झाली की ती रोखली गेली असं धरायचं.

काळी काच 'असू दे कधीतरी' म्हणून डबीत परत ठेवू नका. पुढच्या सुट्टीत एखादं पोर खोकं उघडेल, डबीवर सूर्याचं चित्र बघेल आणि ती बसवेल. कागदात गुंडाळा, हातोडीचा एक घाव घाला आणि कचऱ्यात टाका.